रक्त कमी, मग धाप का लागते?

प्रति,
मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरच्या रविवारच्या मुलांच्या पानावर मागे एक तक्ता आला होता, आपलं शरीर कसं बनतं त्याचा, रंगीत आणि चांगला अर्धं पान भरून. तळाला रेणू, त्यावर पेशी, मग ऊती, मग अवयव, मग संस्था आणि सगळ्यात वर हात पसरून उभा असलेला हसरा मुलगा. जिन्याचं चित्र, प्रत्येक पायरीवर एक नाव आणि बाण सगळे वरच्या दिशेला. माझ्या नातवाने तो कापून भिंतीला चिकटवला म्हणजे आवडलाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन गोष्टी खटकल्या त्या लिहितेय. एक म्हणजे ऊतींच्या पायरीवर स्नायू होते, त्वचेचा थर होता, चेता होत्या, हाड पण होतं, फक्त रक्त कुठेच नव्हतं. आणि दुसरी म्हणजे ते बाण. शरीरात सगळं खालून वरच जातं असं कोणी सांगितलं? वरून खाली येतं त्याचं काय? आणि मुलाला ह्या पायऱ्या पाठ करून नक्की करायचंय काय, ह्याचं एक अक्षर नाही.

मी सिंधुदुर्गात सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी केली, आता रिटायर आहे. सगळी नोकरी बोटाला सुई टोचण्यात आणि मायक्रोस्कोपला डोळा लावण्यात गेली, मलेरियाच्या स्लाईडी जेएसबी स्टेनने रंगवून रंगवून बोटांचा निळा रंग सणावारीपण जायचा नाही. लॅबच्या खिडकीशी रिपोर्ट न्यायला येणारी माणसं डॉक्टरांना जे विचारायला लाजतात ते टेक्निशियनला विचारतात, आम्ही काय घरच्याच. अशाच एक आजी, हिमोग्लोबिन सातच्या आसपास, कागद उलटा धरलेला, मला म्हणाल्या, "बाय माजे, रगात कमी झाला म्हणतत, तर मगे धाप कित्या लागता? रगात काय छातीत रवता?" शाळेतली पोरं जे विचारत नाहीत ते आजींनी विचारलं. तुमच्या तक्त्यातल्या सगळ्या पायऱ्या ह्या एका प्रश्नात येतात, एकपण सुटत नाही.

उत्तर द्यायचं तर लोखंडापासून सुरुवात करावी लागते. मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून साधारण तीन-चार ग्रॅम लोह असतं, बस्स, आणि त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश एकट्या हिमोग्लोबिनमध्ये. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू, प्रत्येक अणू ऑक्सिजनचा एक रेणू धरणार. असे सुमारे २७ कोटी रेणू एका तांबड्या पेशीत कोंबलेले असतात, आणि अशा ४५ ते ५० लाख पेशी रक्ताच्या एका मायक्रोलीटरमध्ये, म्हणजे टाचणीच्या टोकावर मावेल एवढ्या थेंबात. ही पेशी पण अजब आहे, तिने जागा मिळावी म्हणून स्वतःचं केंद्रकच टाकून दिलेलं असतं, त्यामुळे ती नवीन पेशी जन्माला घालू शकत नाही, स्वतःची दुरुस्ती पण धड करू शकत नाही, १२० दिवस पळते आणि मग प्लीहा नाहीतर यकृतात मोडीत निघते, तिच्यातलं लोह काढून परत वापरलं जातं. तिच्या जागी हाडातल्या मगजात नवीन पेशी तयार होत असतात, दर सेकंदाला वीस लाखाच्या वर! २०१६ साली इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला होता की माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात आणि त्यातल्या शेकडा ८४ ह्या तांबड्या पेशीच. म्हणजे नुसतं डोकी मोजून बघितलं तर आपण मुख्यतः रक्तच आहोत, आणि तेच तक्त्यात नाही!

आता आजींच्या पोटात लोह कमी गेलं किंवा बाहेर जास्त गेलं, तर मगज पेशी बनवतो पण लहान बनवतो आणि फिक्या बनवतो, मायक्रोस्कोपखाली मधला पांढरा भाग मोठा आणि कडेला लाल रंगाची नुसती रेघ. रक्त तेवढंच आहे, अंगात पाच लिटर होतं ते पाच लिटरच आहे, पण प्रत्येक फेरीत ऑक्सिजन कमी जातोय. होडीत माणसं कमी बसायला लागली की खेपा वाढवाव्या लागतात, तसं हृदय खेपा वाढवतं. बसल्या जागी भागतं, पण चढण चढताना मांडीचे स्नायू ऑक्सिजन मागतात तेव्हा ठोके वाढवूनही पुरत नाही, मग मेंदू श्वासाचा वेग वाढवतो आणि आजी म्हणतात धाप लागली. फुफ्फुसाला काही झालेलं नाही, हृदयाला पण अजून काही नाही, कमी आहे ते पार तळाला, लोहाच्या अणूत, आणि जाणवतंय ते पार वर, चढणीवर थांबलेल्या बाईला. मधल्या सगळ्या पायऱ्यांनी आपापल्या परीने सांभाळून घेतलं म्हणून ती बाई सात हिमोग्लोबिनवर चालत दवाखान्यात आली.

आणि इथे तो वरून खाली येणारा बाण आहे. रक्तात ऑक्सिजन कमी येतोय हे कळतं कुणाला, तर मूत्रपिंडाला! आपण किडनी म्हणजे फक्त लघवी बनवणारी समजतो, पण तिथल्या काही पेशी ऑक्सिजन किती येतोय त्यावर लक्ष ठेवून असतात आणि कमी पडला की एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात, ते रक्तातून हाडाच्या मगजात जातं आणि तिथल्या पेशींना सांगतं की कामाला लागा, वाढवा. एका संस्थेतला अवयव दुसऱ्याच संस्थेतल्या ऊतीला हुकूम सोडतोय. आता जिन्याच्या चित्रात हे कुठे दाखवणार? म्हणून तर किडनी निकामी झालेल्या, डायलिसिसवरच्या पेशंटला पण रक्त कमी पडतं, त्याला नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही, बहुतेकांना ते संप्रेरकच इंजेक्शनने द्यावं लागतं.

म्हणजे बघा, रिपोर्टवर "हिमोग्लोबिन ८" एवढंच लिहिलंय, पण बिघाड कुठल्या पायरीवर आहे ते त्या आकड्यात नाही. लोह कमी खाल्लं असेल. अनवाणी शेतात वावरून पायाच्या कातडीतून हुकवर्म शिरला असेल आणि तो आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पीत असेल, मग कितीपण पालेभाजी खा. बी-ट्वेल्व्ह कमी असेल, तेव्हा पेशी लहान नाही तर उलट मोठ्या दिसतात. मूत्रपिंड असेल. किंवा सिकलसेल असेल, जो आपल्या कोकण विभागात पालघर-ठाण्याच्या आदिवासी पाड्यांमध्ये बघायला मिळतो. पाच पेशंट, आकडा एकच, आणि औषध पाचही वेगळी. मशीनवर सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची टेस्ट, लावली की आकडे येतात, पण पेशी बघायच्या तर स्लाईड बनवून डोळ्यानेच बघावी लागते आणि हल्ली ती बघायला कुणाला वेळ नाही, हे जाताजाता बोलून घेते, राग आला तर येऊ दे.

सिकलसेलचं थोडं सविस्तर लिहिते कारण तक्त्यातला जिना त्याच्याइतका स्पष्ट दुसरा कुठला आजार दाखवत नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात, त्यातल्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्ल हवं तिथे व्हॅलिन आलंय, १४६ मधलं एक! तेवढ्याने ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात, काड्यांनी पेशी ताणली जाऊन विळ्याच्या आकाराची होते, विळ्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढच्या ऊतीला रक्त मिळत नाही, हाडं ठणकतात, प्लीहा लहानपणीच निकामी होते आणि पोरगं शाळेला दांड्या मारतं. गुरुजी म्हणतात आळशी आहे. एका अमिनो आम्लापासून हजेरीपटापर्यंत सरळ रस्ता आहे.

आजार नक्की असतो कुठे, हा प्रश्न डॉक्टर लोक शतकानुशतकं विचारत आलेत आणि दर वेळी एक एक पायरी खाली उतरत गेलेत, हे मला फार गमतीचं वाटतं. आधी म्हणायचे की शरीरातले रस बिघडले म्हणजे आजार होतो. मग १७६१ मध्ये इटलीतल्या पादुआचे मॉर्गान्यी, त्यांनी शेकडो शवविच्छेदनं करून दाखवलं की नाही, आजार अमुक एका अवयवात बसलेला असतो. मग फ्रान्सचा बिशा. हा माणूस मला आवडतो. त्याचा मायक्रोस्कोपवर विश्वास नव्हता, त्या काळच्या भिंगांतून दिसायचं पण अंधुकच. त्याने काय केलं तर अवयवांचे तुकडे शिजवले, वाळवले, कुजवले, आम्लात टाकले आणि कुठला तुकडा कसा वागतो ते बघून म्हणाला की अवयव हे शेवटचं टोक नाही, ते वेगवेगळ्या ऊतींचे बनलेत आणि त्याच ऊती फिरून फिरून सगळीकडे येतात. २१ ऊती मोजल्या त्याने. आपण आता चारच मुख्य प्रकार शिकवतो, अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता, आणि रक्त हे संयोजी ऊतीत धरतात. १८०२ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी गेला बिचारा. मग जर्मनीतले फिरचो, १८५८ मध्ये त्यांनी ठामपणे मांडलं की आजार पेशीत असतो, आणि पेशी ही पेशीपासूनच येते. आणि १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी ह्याच सिकलसेलला रेणूचा आजार म्हटलं. अवयव, ऊती, पेशी, रेणू... तुमच्या तक्त्यातला जिना दोनशे वर्षं वरून खाली उतरून सापडलाय हो, आणि मुलांना मात्र खालून वर चढायला लावतात. मुलं अर्ध्यातच दमतात.

आता आपल्या इथली गोष्ट. विंचू. जांभ्याचा चिरा उचलला, पेंढ्यात हात घातला, लाकडाची रास हलवली की हा असायचाच. मोठा काळा विंचू दिसायला भयानक पण खरा घात करतो तो छोटा लालसर विंचू, विशेषतः लहान मुलांचा. कोकणात पूर्वी ह्याच्याने किती पोरं गेली त्याच्या कहाण्या प्रत्येक वाडीत आहेत. माणसं काय करायची, जिथे चावला तिथे बघायची. वर आवळून बांधायचं, चिरायचं, पाला लावायचा, मंत्र टाकायचा, आणि पोरगं दुखतंय म्हणून रडायचं थांबलं की उतरला म्हणायचे. पण विष तोपर्यंत वेगळ्याच पायरीवर पोचलेलं असायचं.

काय होतं सांगते. विंचवाच्या विषात छोटी छोटी प्रथिनं असतात, ती चेतापेशीच्या आवरणात सोडियम आतबाहेर जाण्याची जी दारं असतात त्यांना धरतात आणि वेळेवर बंद होऊ देत नाहीत. झालं, चेतापेशी विनाकारण संदेश पाठवत सुटते. त्यातल्या त्यात घाबरल्यावर काम करते ती जी चेतासंस्था, ती पेटते आणि रक्तात अ‍ॅड्रिनलिन-नॉरअ‍ॅड्रिनलिनचा पूर येतो. त्याने अंगभर रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू आवळले जातात, हातपाय गार, अंगाला दरदरून घाम, उलट्या, ब्लडप्रेशर चढतं. हृदयाला ह्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलावं लागतं, ते पंप करून करून थकतं, मग रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं, तिथल्या हवेच्या पिशव्यांत पाणी भरतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. चावा पायाच्या अंगठ्याला आणि मरण फुफ्फुसात. रेणू, पेशी, ऊती, अवयव, संस्था, माणूस, सगळ्या पायऱ्या काही तासांत.

महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर, आपल्या कोकणातच राहून ज्यांनी हे समजून घेतलं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असल्यापासून ते विंचवाच्या पेशंटच्या उशाशी बसून नाडी, बीपी, हृदय बघून लिहून ठेवायचे, आणि १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचं निरीक्षण छापून आलं. लॅन्सेट म्हणजे लंडनचं डॉक्टरी साप्ताहिक, तिथे कोकणातल्या पीएचसीतलं काम! त्यांच्या लक्षात आलं की चाव्याच्या जागेशी भांडून उपयोग नाही, माणूस मरतोय तो आवळलेल्या रक्तवाहिन्यांमुळे आणि थकलेल्या हृदयामुळे. मग प्राझोसीन, जी मुळात ब्लडप्रेशरची साधी गोळी आहे, ती त्यांनी वापरली आणि १९८६ मध्ये तेही लॅन्सेटमध्ये आलं. ही गोळी काय करते, तर रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीवर ज्या जागी नॉरअ‍ॅड्रिनलिन येऊन बसतं ती जागाच अडवते, त्यामुळे स्नायू सैल पडतो, नळी रुंद होते, हृदयावरचा बोजा उतरतो. विष तसंच आहे, चेतापेशी अजून बोंबलतेच आहे, पण ती बोंब खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जायच्या आत मध्येच अडवली. ह्या गोळीने मरणाचं प्रमाण इतकं खाली आलं की आजच्या पोरांना विंचवाने माणूस मरतो हे खरंच वाटत नाही. पुढे २०११ मध्ये बीएमजेमध्ये, म्हणजे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये, त्यांचाच अभ्यास आला की प्राझोसीनच्या जोडीला विंचवाचं अँटीव्हेनम, म्हणजे विषालाच मारणारं औषध, दिलं तर पेशंट अजून लवकर सावरतो, म्हणजे तळाच्या पायरीवरही एक मारा. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा लॅबवाल्यांना घरातल्याच कुणाला मिळाल्यासारखा आनंद झाला होता. आता मला सांगा, नववीच्या मुलाला ऊती शिकवायच्या तर ह्याच्यापेक्षा चांगला धडा कुठे मिळेल? पुस्तकात मात्र कांद्याची साल एके कांद्याची साल.

(विंचू चावला तर आवळून बांधू नका, चिरू नका, थेट दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा, दुखायचं थांबलं तरी न्या. हे एवढं चौकटीत छापलंत तरी चालेल.)

पायरी चुकली की काय होतं ते डेंग्यूच्या सीझनला दरवर्षी बघायला मिळतं. घरातला एक माणूस अ‍ॅडमिट, बाकी सगळे प्लेटलेटच्या मागे, सकाळी ८० हजार होत्या आता ६० हजार आल्या, पपईच्या पानांचा रस आणा, कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर अजून काहीतरी पाठवतं. प्लेटलेट म्हणजे तर पूर्ण पेशी पण नाही, मगजातल्या एका मोठ्या पेशीचे तुटलेले तुकडे. त्या कमी होतात हे खरं, पण डेंग्यूत खरा धोका बहुतेक वेळा वेगळ्याच पायरीवर असतो, केशवाहिन्यांचं आतलं जे पातळ अस्तर असतं ते गळायला लागतं, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त दाट होतं आणि बीपी पडतं. आणि हे सगळं बरेचदा ताप उतरल्यावर, म्हणजे घरचे निर्धास्त झाल्यावर. म्हणून चांगला डॉक्टर प्लेटलेटसोबत हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती तो आकडा) वाढतंय का, पोट दुखतंय का, लघवी किती झाली, हातपाय गार पडलेत का हे बघतो. नातेवाईक म्हणतात प्लेटलेट का चढवत नाही, डॉक्टर म्हणतात सलाईनचं बघू द्या, आणि बाहेर भांडणं. त्यांचं भांडण खरं तर पायरीचं असतं.

तसंच ते तीन महिन्यांच्या शुगरचं, एचबीएवनसी. ही टेस्ट तीन महिन्यांचंच का सांगते? कारण तांबडी पेशी १२० दिवस जगते. साखरेचा रेणू हिमोग्लोबिनला चिकटला की पेशी मरेपर्यंत सुटत नाही, त्यामुळे किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटलीय त्यावरून गेल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो, साडेसहा टक्के किंवा वर गेलं की डायबेटिस धरतात. पण ज्याच्या तांबड्या पेशीच लवकर मरतात, त्या सिकलसेलवाल्याचं किंवा रक्त फुटण्याचा आजार असलेल्याचं? पेशीला साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आकडा खोटा कमी येतो आणि माणूस खुशाल लाडू खातो. उलट लोह कमी असलेल्या बाईचा आकडा थोडा खोटा जास्त येऊ शकतो. आकडा रेणूच्या पायरीवरचा, पण तो खरा की खोटा ते पेशीच्या आयुष्यावर ठरतं. फुल बॉडी चेकअपची पॅकेजं विकणारे हे कोणाला सांगत नाहीत. साठ-सत्तर आकडे छापून देतात, लाल अक्षरातले बघून माणूस घाबरतो आणि सगळी पायऱ्यांची जोडाजोड त्याने गुगलवर करायची.

बरं, उलट बाजूने पण अती करू नये. रेणू कळला म्हणजे माणूस कळला असं नाही. प्रत्येक पायरीवर काहीतरी नवीन येतं जे खालच्या पायरीवर नव्हतंच. हृदयाच्या कोवळ्या स्नायूपेशी सुट्या करून काचेच्या बशीत वाढवल्या तर एकेकटी पेशी आपली आपली धडधडत राहते, प्रत्येकीचा ताल वेगळा. पण वाढता वाढता त्या एकमेकींना चिकटल्या की सगळ्यांचा ताल एक होतो. तो ताल कुठल्या एका पेशीत नव्हता. आणि ब्लडप्रेशर तर कुठल्याच पेशीत नसतं, कितीपण मोठा मायक्रोस्कोप आणा. स्पंज नावाच्या समुद्री प्राण्याचं ह्याच्या उलट, त्याला पेशी आहेत पण खऱ्या ऊती नाहीत, १९०७ मध्ये विल्सन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने जिवंत स्पंज बारीक कापडातून पिळून पेशी पेशी वेगळ्या केल्या तर त्या परत सरपटत एकत्र आल्या आणि नवीन स्पंज बनला. आपल्या यकृताला हे जमणार नाही, जरी कापलेलं यकृत वाढून येतं तरी. जेवढ्या पायऱ्या वर चढाल तेवढं सुटं होऊन परत जुळणं कठीण.

आणि ह्या पायऱ्या निसर्गाने आखलेल्या नाहीत, आपण सोयीसाठी आखल्यात, हे ज्याला पटत नाही त्याने पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर फिरायला जावं. निळा फुगा वाळूत पडलेला दिसतो, ब्लू बॉटल म्हणतात, लांब निळे दोरे असतात आणि हात लावला तर आग आग होते (मेलेला असला तरी लावू नका, पोरांना सांगा). जेलीफिश समजतात लोक पण तो जेलीफिश नाही, मुळात तो एक प्राणीच नाही, ती वसाहत आहे. एकाच अंड्यापासून कोंब फुटून फुटून बनलेले अनेक जीव एकत्र राहतात, काही फक्त शिकार करतात, काही फक्त पचवतात, काही फक्त प्रजननाचं बघतात, आणि वेगळे काढले तर जगत नाहीत. आता हा प्रत्येक जीव म्हणजे एक शरीर का एक अवयव? तक्त्यात ह्याला कुठल्या पायरीवर बसवणार? वर्गात हा प्रश्न टाकून गुरुजींनी नुसतं गप्प बसावं, तासभर वर्ग आपोआप चालेल.

शिकवायला सामान पण लांबून आणायला नको. आपल्याकडे मासे घ्यायला गेलेली बाई कल्ला उचलून लाल आहे का बघते, ती श्वसनसंस्थाच तपासते आहे. तो कल्ला घरी आणून पाण्यात सोडा, कंगव्यासारखे पदर सुटे होतात, आणि प्रत्येक पदरावर अजून बारीक पदर असतात, त्यांचं अस्तर इतकं पातळ की त्यातून पाण्यातला ऑक्सिजन थेट रक्तात जातो. बांगडा कापला की कातडीखाली कडेला तो काळपट लाल पट्टा दिसतो, बाकी मांस फिकट. दोन्ही स्नायूच, पण पट्टा हा न थांबता पोहण्याचा स्नायू, त्यात ऑक्सिजन साठवणारं मायोग्लोबिन भरपूर, आणि फिकट मांस झटक्यात पळायचं. कुप्यात (ट्यूना मासा) तर हे लाल मांस आणखी जास्त. पापलेट घेतलंत तर पांढरंच सगळं, ते बांगड्यासारखं दिवसरात्र पळत नसावं. बांगड्याच्या रक्ताचा एक थेंब स्लाईडवर पसरलात तर अजून एक गंमत, माशाची तांबडी पेशी लांबट गोल असते आणि तिला मधोमध चांगलं ठसठशीत केंद्रक असतं, आपल्या पेशीला नसतं. आपल्या रक्ताची तयार स्लाईड शेजारी ठेवली की पोरांना दोन मिनिटात फरक दिसतो, कोणाच्या बोटाला टोचायला पण नको. आणि ज्याने हा फरक डोळ्याने बघितला तो पेशी म्हणजे सजीवांचा रचनात्मक व कार्यात्मक मूलभूत घटक हे वाक्य पाठ न करता लिहील, थोडं वेडंवाकडं लिहील पण स्वतःचं लिहील.

तर संपादक साहेब, मागणी एवढीच की मुलांच्या पानावर ह्या विषयाचे दोन-चार भाग करा, एका वेळी एक आजार किंवा एक मासा घ्या आणि तो सगळ्या पायऱ्यांवरून फिरवून आणा, विंचवाचा भाग मात्र पाऊस लागायच्या आत छापा. रिटायर टेक्निशियन आणि सिस्टर प्रत्येक तालुक्यात आहेत, घरी बसून मालिका बघतात, त्यांना शाळांनी बोलवावं. मला बोलावलं तर रंगवलेल्या स्लाईडी घेऊन यायला मी तयार आहे, मानधन नको, चहा चालेल. शाळांनी फक्त आपला मायक्रोस्कोप कपाटातून बाहेर काढून आधी बघून ठेवावा, आपल्या हवेत पावसाळ्यानंतर लेन्सला बुरशी धरते आणि मग पोरांना पेशीच्या जागी बुरशीच दिसते, ती पण पेशींचीच बनलेली आहे म्हणा, पण आधी पुसून घ्या.

आपली वाचक,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग